सासूबाईंना बसून जायचंय

सोम., ३ मार्च

आजही "दोन."

डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखं विचारलं, शून्य ते दहा, दहा म्हणजे असह्य, आज दुखणं किती? आणि सासूबाई, कानात मोत्याचे डूल, ओठांना लिपस्टिक, कडक इस्त्रीचा ड्रेस, कुणाच्या लग्नाला निघाल्यासारख्या, हसून म्हणाल्या, "दोन. फार तर दोन." डॉक्टरीण खूश. लिहून घेतलं. मी शेजारी मठ्ठासारखी बसले.

परतताना नोव्हेनाच्या सिग्नलला टॅक्सीनं जरासा गचका दिला तर बाईंनी माझं मनगट असं धरलं की वळ उठलेत. हे दोन? मग दहा म्हणजे काय, अंगावर डोंगर कोसळायला हवा?

का म्हणतात ते पक्कं ठाऊक आहे. छातीचा कॅन्सर गेल्या वर्षी परत आला तो थेट हाडांत. बरा होणार नाही हे त्यांना सांगून झालंय. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट मागितली. ईस्टरला घरी, अमेरिकेत, जॉर्जियात. स्वतःचं घर, स्वतःचं चर्च, मागे सासऱ्यांची कबर. एवढ्या लांबच्या विमानात बसायचं तर डॉक्टरांचं पत्र लागतं, आणि दुखणं आटोक्यात असेल तरच पत्र. म्हणून दोन.

"मला सामान म्हणून पाठवायचं नाही," म्हणतात. "मी माझ्या सीटवर बसून जाणार. पट्टा लावून."

मंगळ., ४ मार्च

नवऱ्याला, टेरेन्सला, विचारलं, तुला दिसत नाही का? तो शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत होता. "ममा टफ आहे. ती दोन म्हणतेय तर दोन." संपलं.

टी.चं आईवर प्रेम नाही असं नाही, जरा जास्तच आहे. पण ते लोक एक गोष्ट धरून बसलेत, आमच्या घरातल्या बायका मोडत नाहीत. आजी मोडली नाही, मावशी मोडली नाही. अरे, मोडत नाहीत म्हणजे काय, लोखंडाच्या आहेत? पण बोलावं कुणी. मी सून.

दुपारी जुरोंग ईस्टच्या ऑफिसात मीटिंग चालू, तेवढ्यात यव्होनचा मेसेज. यव्होन म्हणजे नणंद, ती तिकडे जॉर्जियात. ममाची खोली रंगवून झाली. पडदे पिवळे की पांढरे? पडदे! दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही खोटं नाही.

गुरु., ६ मार्च

आज एक गोष्ट कळली.

सासूबाई सकाळी खूप वेळ शॉवरखाली असतात. मला वाटायचं, असेल बाईंना पाण्याची हौस. आज वर्क फ्रॉम होम, टॉवेल द्यायला गेले, दारापाशी थांबले. पाण्याच्या आवाजाखाली कण्हणं. कण्हणं तरी कसलं, गुरासारखं हंबरत होत्या. मग नळ बंद. मग गुणगुणत बाहेर. "गुड मॉर्निंग, बेबी. कॉफी आहे का?"

मी कॉफी दिली. दुसरं काय करणार.

नंतर विचारलं, खरं सांगा, किती दुखतं? "मी ठीक आहे, बेबी." तुम्ही डॉक्टरांना सांगत नाही. "डॉक्टरांना सांगून काय होतं ते मला माहीत आहे," एवढंच, आणि टीव्हीचा आवाज मोठा.

आईला फोन केला पुण्याला. चौदा वर्षांपूर्वी काळा अमेरिकन जावई नको म्हणून अन्नपाणी सोडणारी माझी आई, आता सासूबाईंसाठी रोज दत्तापुढे दिवा लावते. ती म्हणाली, "मोठ्या माणसाला परक्यांसमोर खोटं पाडायचं नसतं, केतकी. जे काय बोलायचं ते घरी बोल." घरी बोलले गं. घरीच बोलले. भिंतीशी बोलल्यासारखं.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मार त्यांना, तोंड माझं.

सोम., १० मार्च

जॉर्जियातलं रविवारचं चर्च आज सकाळी लॅपटॉपवर लावून दिलं. सासूबाई बरोबर म्हणतात गाणी, डोळे मिटून, अजून आवाज असा की शेजारची चिनी आजी दार किलकिलं करून ऐकते. गाण्यात सगळे हात वर करतात. त्यांनी डावा केला. उजवा खांद्यापर्यंत आला आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. मी फोनमध्ये बघत असल्याचं नाटक केलं. आम्ही दोघी एकीपेक्षा एक नटव्या.

नंतर तिकडच्या बायकांचा फोन, त्यांची प्रार्थनेची साखळी आहे. "सिस्टर लोरेटा, कशा आहात?" "फाइन! देव चांगला आहे!" म्हणजे त्यांनाही थाप. देवालाही मारत असतील.

आज जेवल्या नाहीत धड. भात, वरण, लिंबू, वर तूप, हे त्यांना एरवी आवडतं. तीन घास.

बुध., १२ मार्च

सासूबाई पलंगावर झोपतच नाहीत. खुर्चीत बसून झोपतात, कधीपासून देव जाणे. सकाळी खोलीत गेले तर चादरीला सुरकुती नाही. चादर तशीच, घडीची रेघसुद्धा तशीच. लेकीला, मीराला, विचारलं. मीरा शांतपणे, "Nana cannot lie down lah, Mummy. You don't know meh?"

नऊ वर्षांच्या पोरीला माहीत. मला नाही. टी.ला तर नाहीच.

संध्याकाळी टी.शी भांडण, खाली स्विमिंग पूलपाशी, घरात बोलता येत नाही म्हणून. मी म्हटलं, पुढच्या वेळी तू चल, तू सांग डॉक्टरांना. तो म्हणाला, "आणि पत्र मिळालं नाही तर? तिला तेवढी एकच गोष्ट हवीय. मी तिच्या तोंडातून काढून घेऊ?" म्हटलं, आणि विमानात काय झालं तर? अठरा तास? तो म्हणाला, "तू तिला ओळखत नाहीस." हे वाक्य लग्नानंतर पहिल्यांदा बोलला. लागलं. अजून लागतंय. तिला डॉक्टरकडे कोण नेतं, तिचं डोकं कोण पुसतं, तिचा स्कार्फ कोण बांधतं, आणि मी ओळखत नाही!

हे मराठीत लिहितेय ते बरंय. या घरात वाचणारं कुणी नाही.

सोम., १७ मार्च

बोलले. बोलून टाकलं.

तीच खोली, तोच प्रश्न. सासूबाई: "दोन." आणि माझ्या तोंडून निघालं, ठरवलेलं काही नव्हतं, "नाही. त्या खोटं बोलतायत. आठ आहे. नऊ असेल. त्या आडव्या होऊ शकत नाहीत. शॉवर चालू ठेवून रडतात."

डॉक्टरीणबाई पेन खाली ठेवून सासूबाईंकडे बघत राहिल्या. "मिसेस लोरेटा?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पर्स मांडीवर नीट ठेवली, क्लिप दोनदा लावली उघडली. मग भिंतीकडे बघून म्हणाल्या, "माझी सून दमलीय. तिला विश्रांती हवी."

डॉक्टरीण ऐकणारी नव्हती. पाठीवर बोटानं हलकं दाबलं. सासूबाई ओरडल्या नाहीत, पण रंग गेला चेहऱ्याचा. लगेच एमआरआय, आजच.

मशीनच्या बाहेर बसून राहिले. मराठी घरात वाढलेली मी, चारचौघांत सासूला खोटं पाडून बसले. आईला सांगणार नाहीये.

टॅक्सीत ड्रायव्हर अंकल बिचारा विचारतोय, "Africa ah?" एरवी सासूबाई ठसक्यात "Georgia!" म्हणतात आणि त्याला पूर्ण इतिहास-भूगोल शिकवतात. आज त्याला उत्तरसुद्धा नाही.

मंगळ., १८ मार्च

रिपोर्ट. पाठीचा एक मणका पोखरलेला, कधीही खचेल. मज्जारज्जूला खेटून. डॉक्टरीणबाई फोनवर टी.ला स्वच्छ म्हणाल्या, असं विमानात बसवलं असतं तर कदाचित उतरताना पाय चालले नसते. आता शेक द्यायचा मणक्याला, म्हणजे रेडिएशन, आणि मॉर्फिनचं औषध. आणि लक्ष ठेवा. पाय सुन्न वाटला, बधिर झाला, पाऊल अडखळलं, तर दिवस असो रात्र असो, ताबडतोब फोन. नंबर दिलाय, फ्रिजवर लावला.

पत्र? सध्या नाही. शेक झाल्यावर बघू. ईस्टर धरू नका.

मी बरोबर होते. काय चाटायचंय बरोबर असण्याला?

यव्होनचा फोन माझ्यावर. "तुला कुणी हक्क दिला? तिचं शरीर, तिचं तोंड. तू तिचं ईस्टर घेतलंस." मी म्हटलं, मणका खचला असता. ती म्हणाली, "मग खचला असता. घरी खचला असता." आणि रडायला लागली. मग मी पण. मग दोघी फोन धरून रडत, कुणी ठेवेना. पडदे पिवळे लावलेत म्हणाली शेवटी.

शुक्र., २१ मार्च

अबोला. मला वाटायचं हा आमच्या पुण्याचा शोध आहे. चूक. जॉर्जियाच्या बायका याच्यात डॉक्टरेट करून आलेल्या असतात.

सगळं मीरामार्फत. "तुझ्या आईला सांग सूपमध्ये मीठ नाही." मी समोर उभी, पळी हातात. मीरा: "Mummy, Nana say no salt." मी: "आजीला म्हणावं डॉक्टरांनी कमी सांगितलंय." मीरा: "Aiyoh, you all talk yourself lah, I got homework."

हसायला आलं. सासूबाईंनाही आलं असावं, पटकन मान वळवली. पण अबोला तो अबोला.

आंघोळ मात्र आता मलाच घालू देतात. पाठ माझ्याकडे करून, एक शब्द न बोलता. मी पण न बोलता. पाठ केवढी बारीक झालीय.

मंगळ., २५ मार्च

शेकाचा दुसरा दिवस. वेटिंग रूममध्ये बसलो होतो. तयारी तशीच, डूल, लिपस्टिक, वर तो निळा स्कार्फ मी बांधलेला. एकदम बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता, समोरच्या फिश टँककडे बघून.

त्यांचा भाऊ. ओटिस. कमरेत भयंकर दुखत होतं, तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या. कामाच्या कपड्यांतच नेला, गॅरेजमधून. त्यानं ओरडून सांगितलं, दहा आहे, दहा. "काळा माणूस दहा म्हणाला की त्यांना वाटतं हा गोळ्यांसाठी आलाय. गर्दुल्ला. त्याला तासन् तास बाकावर ठेवला आणि घरी पाठवला. त्याच आठवड्यात गेला. मणक्यात गाठ होती." मग, "त्या दिवसापासून मी चांगले कपडे घालून जाते. आणि कधी ओरडत नाही. ओरडणाऱ्या बाईला ते माणूस समजत नाहीत."

मी म्हटलं, इथे तसं नाही, ममा. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत.

"तुला काय माहीत," म्हणाल्या. बरोबर आहे. मला काय माहीत. मी पुण्याच्या ब्राह्मणाची पोर, डॉक्टर मला "ताई बसा" म्हणणार. चौदा वर्षं या घरात, आणि मला वाटत होतं डूल हौसेचे आहेत.

त्यांचं नाव पुकारलं. उठताना माझा हात धरला. मागितला नाही, धरला. म्हणजे अबोला सुटला असं धरून चालते.

गुरु., २७ मार्च

काल सासूबाई आडव्या झोपल्या. पलंगावर! तोंड उघडं टाकून घोरत होत्या. टी. दारात उभा राहून बघत होता, मी त्याच्या मागे. शाळेला उशीर झाला त्याला. होऊ दे.

रवि., ३० मार्च

पाडवा. गुढी उभारायचं मनात नव्हतं. सासूबाईंनीच विचारलं, "तुमची काठी कुठेय? साडी नि भांडंवाली?" म्हटलं, राहू दे यंदा. तर रागावल्या. "घरात आजारी माणूस आहे म्हणून सण बंद? मी मेले नाहीये अजून." मग काय, बाल्कनीत आतल्या बाजूला उभारली, बाहेर काढली की कॉन्डोचं, म्हणजे सोसायटीचं, ऑफिस लगेच मेसेज करतं. कडुलिंब कसला मिळतोय, लिटल इंडियात जायला वेळ नव्हता, कढीपत्ता लावला. आई ऐकेल तर हाय खाईल. श्रीखंड मात्र सासूबाईंनी मागून घेतलं दुसऱ्यांदा.

पण फार झोपतात. मॉर्फिननं दुखणं गेलं तसं बरोबर बाकीचंही थोडं गेलंय. बोलता बोलता वाक्य सुटतं. दुपारी मला यव्होन म्हणाल्या.

टी. पार्किंगमध्ये रडला. गाडीत बसून, स्टिअरिंगवर डोकं टेकून. मी शेजारी. म्हणाला, "पत्र नाही मिळणार कळलं ना, मला बरं वाटलं. एक क्षण. तिला ठेवून घ्यायचं होतं मला. कसला मुलगा आहे मी?" मी म्हटलं, मुलगाच आहेस, दुसरं काय. आईला कुणी सोडतं का सुखासुखी. त्याला जवळ घेतलं. तू तिला ओळखत नाहीस म्हणाला होतास त्याचं काय, असं विचारायचं होतं, नाही विचारलं.

शनि., ५ एप्रिल

डॉक्टरीणबाईंचा फोन. स्कॅनवर मणका थोडा सावरलाय. दुखणं आटोक्यात असलं तर गुरुवारी तपासून पत्राचं बघू म्हणाल्या. बघू! सासूबाईंनी "बघू" ऐकलंच नाही, "पत्र" ऐकलं. घरात एकदम दिवाळी. टी.नं रजेचा अर्ज टाकला, तो सोबत जाणार. व्हीलचेअर, एअरलाइन, वाटेत औषध कुणी कसं द्यायचं, सगळं सुरू. यव्होन तिकडे नाचतेय.

मी पण हसतेय. पण जिवाला स्वस्थता नाही. घर नुसतं झाडून काढतेय, तेच तेच. मीरा म्हणाली, "Mummy, floor very clean already."

मंगळ., ८ एप्रिल

आज चालल्या, हॉलमधून बाल्कनीपर्यंत, माझ्या खांद्यावर हात ठेवून. विमानात बाथरूमला जायची प्रॅक्टिस म्हणे. येताना म्हणाल्या, "परवा डॉक्टरकडे मी बोलणार नाही. तू बोल."

मी चमकले. मी?

"त्या दिवशी तू बोललीस ना, मला तुझा इतका राग आला, तुला मारलंच असतं, अंगात बळ असतं तर. पण त्या बाईनं तुझं ऐकलं. ओटिसबरोबर मी होते, मी गप्प बसले होते, घाबरून. त्याच्यासाठी कुणी बोललं नाही." मग दम लागला, थांबल्या. "जे दिसेल ते सांग. मी खोडणार नाही. पत्र मिळो न मिळो."

आता बोला! आधी हक्क नव्हता म्हणून त्रास, आता हक्क दिलाय. नको होता मला हा. आई म्हणाली, "अगं, हा केवढा मान दिला तुला." मान कसला, गळ्यात धोंडा बांधला.

बुध., ९ एप्रिल

उद्या अपॉइंटमेंट. सकाळपासून सासूबाईंना उत्साह. मी ऑफिसला दांडी मारली.

दुपारी जेवणानंतर बाल्कनीकडे निघाल्या, मी मागून येत होते पाण्याचा ग्लास घेऊन. डाव्या पायातली सपात निघाली. मागेच राहिली, फरशीवर. त्या तशाच पुढे गेल्या. एक पाय सपातेत, एक अनवाणी. थांबल्या नाहीत, खाली बघितलं नाही. खुर्चीत बसल्या, म्हणाल्या, "आज हवा बरी आहे."

मी सपात उचलली. पायात घालायला खाली बसले. टाचेला चिमटा काढला, हळू. मग जरा जोरात. त्या पूलमध्ये पोहणाऱ्या मुलांकडे बघत होत्या.

पाय सुजतात, वाळतात, सपात सैल झाली असेल. गार फरशी एसीमुळे कळली नसेल. माझं लक्ष नसेल नीट. औषधाची गुंगी असेल. काहीही असेल.

म्हटलं, ममा, पाय कळतोय ना? त्यांनी वर बघितलं. मला वाटतं त्यांना समजलं मी काय विचारतेय. आणि म्हणाल्या, "उद्या बोल म्हटलं ना. आज नाही."

उद्या नाही, ताबडतोब असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ताबडतोब फोन केला तर आजच ॲडमिट, आणि मग घर नाही, चर्च नाही, सीट नाही, पट्टा नाही. ते मी करणार. माझ्या तोंडानं. नाही केला आणि उद्यापर्यंत दोन्ही पाय गेले तर तेही मीच. टी. शाळेत आहे, फोन उचलत नाही, क्लास चालू असेल. आईला विचारायचं नाही, ती काय सांगेल मला माहीत आहे. देवा, कुणी तरी येऊन म्हणा ना, असं कर.

बाहेर सासूबाई यव्होनशी व्हिडिओवर बोलतायत. हॅटचा डबा उघडायला लावलाय तिला. जांभळी नको, पांढरी काढ, ईस्टरला पांढरीच, आणि उन्हात ठेव, वास गेला पाहिजे. हसतायत.

मी स्वयंपाकघरात उभी आहे. फ्रिजवरचा नंबर लावलाय. रिंग वाजतेय.